सोमवारची साक्ष

आधी दोन नकार सांगतो, मग मुद्द्यावर येतो.

काही वर्षांपूर्वी मी एक कथा लिहिली. आज्ज्याच्या पिढीतला आमच्या वस्तीवरचा एक माणूस. रविवारी त्याचा बाप्तिस्मा होतो. साहेब डोक्यावर पाणी घालतो, नवं नाव देतो, सगळे उभं राहून गाणं म्हणतात. सोमवारी दिवस उगवायला पाटलाचा गडी वस्तीबाहेरनं हाळी देतो, बैल मेलाय, ओढायला चल. तो जातो. नवं नाव घेऊन जुन्याच कामावर जातो. संपली कथा. ती मी एका ख्रिस्ती मासिकाकडं पाठवली. संपादकांचं पत्र आलं, भाषा अगदी मायेची. कथा चांगली आहे, पण तिच्यात साक्ष नाही. शेवट सोमवारी न करता रविवारीच केलात तर छापू.

तीच कथा घेऊन मी एका दलित साहित्याच्या मेळाव्याला गेलो. वाचून झाल्यावर चहाच्या टपरीवर एक कवी मला म्हणाला, "कथा जोरात हाय गड्या. पर तुमी मिशनवाले. तुमचं दुख येगळं. तुमाला दवाखाना मिळाला, शाळा मिळाली, दुधाची पावडर मिळाली." सगळे हसले. मीपण हसलो. हसण्यावाचून काय करणार?

एकाला माझा सोमवार नको होता. दुसऱ्याला माझा रविवार नको होता. या दोघांच्या मधी उभं राहून सातारा-सांगलीकडच्या ख्रिस्ती दलित पोरानं लिहायचं कशासाठी, आणि लिहायची प्रेरणा आणायची कुठनं, एवढाच या लेखाचा विषय आहे. दोन्ही मित्रांवर राग नाही. पण दोघांच्या साहित्याची जरा झडती घेणं भाग आहे.

०

पहिल्यांदा आमच्या घरची झडती.

आमच्यात लिहिणाऱ्या पोराला लहानपणापासून एकच साचा हाती दिला जातो. त्याचं नाव साक्ष. संडे स्कूलमधी, बायकांच्या मंडळीत, नाताळच्या कार्यक्रमात, मासिकाच्या पानावर, जिथं तिथं साक्ष. मी पापात होतो, दारू पीत होतो, बायकोला मारत होतो. मग प्रभू भेटला. आता शांती आहे. आधी अंधार, मग उजेड. या साच्यात खरी माणसं नसतात असं मी म्हणत नाही. दारू सुटलेली माणसं मी पाहिलीत, त्यांच्या बायकांचे चेहरेही पाहिलेत. पण या साच्यात पाप नेहमी एकट्याचं असतं. गावाचं पाप त्यात बसत नाही. माणूस दारू का प्यायचा, येसकराची पाळी संपवून रात्री कुठल्या अवस्थेत घरी यायचा, त्याच्या वाट्याची जमीन कुणाच्या नावावर गेली, हे साक्षीत कुणी विचारत नाही. पाटलानं कधी साक्ष दिल्याचं मी ऐकलं नाही. पापाची कबुली द्यायची ती ज्याच्यावर पाप झालं त्यानंच!

साक्ष हा शब्द मुळात कोर्टातला आहे. जे डोळ्यांनी पाहिलं, अंगावर झेललं, ते सत्तेपुढं उभं राहून सांगणं म्हणजे साक्ष. साक्षीदाराला शेवट गोड करायची मुभा नसते. आमच्या साहित्यानं हा शब्द कोर्टातनं उचलला, चर्चच्या बाकावर आणून बसवला, आणि त्याचे दात पाडले. आमच्या लेखकाला प्रेरणा सापडत नाही, लिखाण पुस्तकी होतं, भाषा पाळकसाहेबांच्या प्रार्थनेसारखी गुळगुळीत होते, याचं कारण मला इथं दिसतं.

आणि हे सुरुवातीपासून असं नव्हतं.

०

१८५५ साल. अमेरिकन मराठी मिशनचं 'ज्ञानोदय' तेव्हा तेरा वर्षांचं झालेलं. १८४२ साली अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, सुरू झालेलं हे पत्र. त्या वर्षीच्या फेब्रुवारी आणि मार्चच्या अंकांत एक निबंध छापून आला. विषय मांग-महारांचं दुःख. लिहिणारी मुक्ता साळवे, जोतीराव-सावित्रीबाईंच्या पुण्याच्या शाळेत शिकणारी मांगाची पोर.

तिनं काय लिहिलं? वेद एका जातीचे, तर आमचा धर्म कोणता, असा प्रश्न तिनं विचारला. आमच्या जमिनी घेतल्या, आमची माणसं इमारतींच्या पायात पुरली, आमच्या बाया उघड्यावर बाळंत होतात, हे तिनं मांडलं. महारसुद्धा मांगाला खालचा मानतो, हेही लपवलं नाही. तिच्या निबंधात देवाला हाक आहे. पण ती हाक जाब विचारणारी आहे. आणि ख्रिस्ती पत्रानं ती तशीच छापली. आधी बाप्तिस्मा घे, मग छापतो, असं तिला सांगितल्याचं कुठं दिसत नाही.

मित्रहो, आमच्या मराठी ख्रिस्ती नियतकालिकांचा इतिहास सांगताना मिशनरी साहेबांची यादी येते, पंडितांची यादी येते. मुक्ताचं नाव आलं तर एका ओळीत येतं. माझ्या मते ख्रिस्ती छापखान्यातनं बाहेर पडलेली पहिली खरी साक्ष हीच. ती देणारी ख्रिस्ती नव्हती, एवढ्यावरनं ती आमची नाही असं जो म्हणेल, त्यानं शेजाऱ्याविषयीचा चांगल्या शोमरोन्याचा दाखला पुन्हा एकदा वाचावा.

०

मग पुढं काय झालं?

दोनच वर्षांनी, १८५७ साली, बाबा पद्मनजींचं 'यमुनापर्यटन' आलं. मराठी कादंबरीची सुरुवात तिथं धरतात. विषय विधवांच्या हालाचा. मोठं काम, नाकारण्यासारखं नाही. पण दुःख उंबऱ्याच्या आतल्या बाईचं. उंबऱ्याबाहेरची बाई मुक्ताच्या निबंधात होती ती तिथंच राहिली.

नंतर आले रेव्हरंड टिळक. नारायण वामन टिळकांबद्दल आमच्या चर्चमधी वाकडं बोललेलं खपत नाही, आणि मलाही वाकडं बोलायचं नाही. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या या ब्राह्मण कवीनं इंग्रजी चालींवर अडखळणाऱ्या मराठी मंडळीच्या तोंडात अभंग घातला, कीर्तन आणलं. आमची निरक्षर आजी 'उपासना-संगीता'तली टिळकांची गाणी जात्यावर म्हणायची, ती पुस्तक न उघडता. आयुष्याच्या अखेरीस टिळक मिशनच्या पगारी नोकरीतनं बाहेर पडले, 'देवाचा दरबार' मांडला, बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले एकत्र बसवायला निघाले. या शेवटच्या काळात ते साताऱ्यात राहिले. म्हणजे आमच्याच जिल्ह्यात एका मोठ्या लेखकानं मिशनच्या चौकटीला धक्का दिला. १९१९ साली ते गेले.

पण टिळकांचा रस्ता पाहा. तुकोबांच्या पुलावरनं आपण ख्रिस्ताकडं आलो, असं ते सांगत. पूल खरा आहे, भक्कम आहे. मला विचारायचंय ते एवढंच की चोखोबा त्या पुलाच्या कुठल्या टोकाला आहे? तो पुलावर नाही. तो पायरीपाशी अडवलेला आहे. आमचे आज्जे-पणजे पुलावरनं आले नाहीत, पाण्यातनं आले. दुष्काळात आले, पटकीत आले, शाळेच्या आशेनं आले, अंगाला हात लावणाऱ्या डॉक्टरच्या ओढीनं आले. टिळकांनी जे सोडलं ते मोठं होतं, म्हणून त्यांच्या गाण्यात अर्पणाची भावना खरी वाटते. आमच्याकडं सोडायला काय होतं? ज्यानं काही सोडलंच नाही त्यानं त्याच सुरात गायचं म्हटलं की आवाज उसना लागतो. आमचे निम्मे कवी आजवर टिळकांच्या उसन्या आवाजात गातात. ही चूक टिळकांची नव्हे, आमची.

लक्ष्मीबाईंचं 'स्मृतिचित्रे' तर मराठीतल्या चांगल्यातल्या चांगल्या पुस्तकांपैकी. १९३४ पासून भागाभागानं आलेलं. त्या बाईची भाषा बोलती, हसती, स्वतःवर उलटणारी. सोवळं मनातनं कसं एकेक पदर सुटत गेलं, कुणाच्या हातचं घ्यायचं नि कुणाच्या नाही हा पीळ कसा उलगडला, हे त्यांनी जितक्या खरेपणानं सांगितलं तितकं कुणी सांगितलं नाही. मी ते पुस्तक तीनदा वाचलं. तिसऱ्यांदा मला जाणवलं की पाणी घेणाऱ्या बाईच्या मनात काय चाललं होतं ते मला पानोपान कळतं. पाणी देणारीच्या मनात काय होतं, ते मात्र कुठंच नाही. लोटा पुढं करताना तिचा हात थरथरला का? नाकारलेलं पाणी तिनं कुठं ओतलं? ते पुस्तक लक्ष्मीबाई लिहू शकत नव्हत्या. ते पाणी देणारीच्या नातवंडांनी लिहायचं आहे.

०

साताऱ्याच्या मातीतच एक साक्ष अशी आहे की जी प्रत्येक ख्रिस्ती लेखकानं शिकावी.

७ नोव्हेंबर १९०० ला भीमराव आंबेडकर साताऱ्याच्या हायस्कुलात दाखल झाले. पुढच्याच साली ते, त्यांचे भाऊ आणि भाचे वडिलांकडं कोरेगावला जायला निघाले. मसूरच्या स्टेशनवर उतरले. अंगावर नीट कपडे, डोक्यावर टोप्या. पोरं चांगल्या घरची असतील असं मास्तरला वाटलं. महार म्हटल्यावर त्याचा चेहरा बदलला. गाडीवान दुप्पट भाड्यावर तयार झाला, पण गाडी पोरांनीच हाकायची. रात्री भाकरी होती, पाणी नव्हतं. नाक्यावर पाणी मागताना पोरानं आपण मुसलमान आहोत असं सांगितलं. तरी मिळालं नाही.

बाबासाहेबांनी हे पुढं स्वतः लिहिलं. कसं लिहिलं ते पाहा. रडणं नाही, उपदेश नाही. कोण काय बोललं, किती पैसे ठरले, पाणी कुठं मिळालं नाही. आणि आपण त्या रात्री जात लपवली, हेही त्यांनी लपवलं नाही. साक्षीदार स्वतःलाही वाचवत नाही. याला मी साक्ष म्हणतो. मिरज-पुणे रेल्वेनं जाताना मसूर येतं. गाडी थांबते, सुटते. आमच्या किती लेखकांनी त्या फलाटाकडं बघितलं?

याच बाबासाहेबांनी १९३८ च्या जानेवारीत सोलापूरला ख्रिस्ती लोकांपुढं भाषण केलं. बुद्ध आणि ख्रिस्त या दोघांनी आपलं मन ओढून घेतलंय, असं ते तिथं बोलले. आणि त्याच भाषणात त्यांनी ख्रिस्ती समाजाला सुनावलं. दक्षिणेकडं चर्चमधी जात पाळतात, राजकारणात तुम्ही मागं आहात. ख्रिस्ती झालेल्यांच्या अवस्थेवर त्यांनी नंतर लिहिलेला मजकूर सरकारनं १९८९ साली छापला. हा समाज अन्यायाविरुद्ध उठत का नाही, हा त्यातला प्रश्न. आमच्यातला शिकलेला आणि न शिकलेला यांच्यात दुःखाचं नातं नाही, या त्यांच्या निदानावर आमच्या एकातरी मासिकानं विशेषांक काढायला हवा होता.

०

आता दुसऱ्या मित्राकडं येतो. टपरीवर हसलेल्या.

"तुमचं दुःख वेगळं" हे त्याचं म्हणणं कायद्याच्या कागदावर अगदी बरोबर आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातीचा माणूस हिंदूच असला पाहिजे असं ठरवलं. १९५६ साली शीख आत आले, १९९० साली बौद्ध आले. ख्रिस्ती बाहेर. महाराष्ट्रात आम्हाला इतर मागासांत घातलं. २००७ साली रंगनाथ मिश्रा आयोगानं ही धर्माची अट काढा असं सांगितलं. २०२२ साली आणखी एक आयोग नेमला गेला, बालकृष्णन आयोग. आयोग येतात, पण वस्ती आहे तिथंच आहे.

याचा परिणाम माणसाच्या मनावर काय होतो, ते कुठल्या आयोगाच्या अहवालात येणार नाही. ते साहित्यातच येईल. बाबुराव बागुलांच्या १९६३ च्या कथेतल्या नायकाला परगावी जात चोरावी लागली. आमच्याकडं चोरी दुहेरी आहे. कचेरीत धर्म चोरायचा आणि चर्चमधी जात. दाखल्यावर एक नाव, मंडळीच्या वहीत दुसरं. पोराचं नाव ठेवतानाच बाप विचार करतो की दोन्हीकडं खपेल असं काय आहे? मग प्रकाश, सुहास, आशा. ही नावं आमच्या वस्तीत का भरमसाठ आहेत यावर एक कथा होईल. ती चोरी पकडली जाईल या धाकात सगळी नोकरी काढलेला कारकून, रिटायर झाल्यावर पहिल्यांदा गळ्यात क्रूस घालतो, त्यावर दुसरी होईल.

सातारा-सांगलीच्या मातीनं दलित साहित्याला काय कमी दिलं? वाटेगावचे अण्णाभाऊ, आटपाडीचे शंकरराव खरात, फलटणच्या बेबीताई कांबळे, 'उपरा'वाले लक्ष्मण माने. खरातांनी आत्मकथेच्या नावातच 'तराळ' घातला. ज्या कामाची लाज वाटावी असं गावानं शिकवलं, ते काम पुस्तकाच्या कपाळावर लिहिलं. बेबीताईंनी 'जिणं आमुचं'मधी गावाचा जुलूम सांगितला, आणि घरातल्या सासू-नवऱ्यांचाही सांगितला. याला धैर्य लागतं. पण या साऱ्या साहित्यात ख्रिस्ती शेजारी आला तर बहुतेक वेळा मिशनचा सदरा घालून येतो, जातो. तो आत बसत नाही. नकाराचं साहित्य म्हणवणाऱ्यांनी आमचा हिशोब दुधाच्या पावडरीवर मिटवावा, हे बरं नव्हं.

उपकाराचंही एकदा बोलून टाकू. मिरजेचा दवाखाना १८९४ पासूनचा, डॉक्टर वानलेसांचा. तिथं आमच्या वस्तीतल्या बाया आया झाल्या, त्यांच्या पोरी नर्सा झाल्या. ज्या हाताचा विटाळ होता तो हात गावच्या सुनांची बाळंतपणं करायला लागला. हा केवढा उलटा फिरलेला इतिहास आहे! मिशनच्या अहवालात तो सेवेचा आकडा म्हणून आला. आमच्या साहित्यात तो अजून यायचाय. रात्रपाळीला पाटलीणबाईचं डोकं मांडीवर घेऊन बसलेली आया, जिच्या आईला त्याच पाटलाच्या आडावर पाणी नव्हतं, ती त्या रात्री काय विचार करत असेल? ती क्षमा करत होती? का सूड घेत होती? का नुसती दमलेली होती? मला वाटतं, दमलेली होती. पण हे लिहिल्याशिवाय कळणार नाही.

०

मग प्रेरणा कुठनं आणायची, या प्रश्नाचं उत्तर आपल्या पायाखाली आहे. वरनं काही उतरत नाही.

फुल्यांचं मूळ गाव कटगुण, सातारा जिल्ह्यातलं. १८७३ च्या 'गुलामगिरी'त त्यांनी येशूला दुसरा बळीराजा म्हटलं. इडा पिडा टळो म्हणणाऱ्या आमच्या आयाबायांच्या बळीशी गालिलाच्या सुताराला जोडणारा हा विचार. कुठल्या सेमिनरीतनं तो निघाला नाही. माळ्याच्या पोरानं मांडला. आमच्या कीर्तनात, नाताळच्या नाटकात हा बळी कुठं आहे? आमच्या नाटकात अजून सोनेरी कागदाचे मुकुट घातलेले मागी राजे येतात.

१९८१ साली बंगळूरला अरविंद निर्मळ या मराठी माणसानं भाषण केलं आणि तिथनं पुढं दलित ईश्वरज्ञान उभं राहिलं. अनुवादाच्या पुस्तकातली इस्राएलाची कबुली त्यांनी हाती घेतली. आपला बाप भटका अरामी होता, हे ते लोक देवापुढं उभं राहून सांगत. तुझा बाप कोण होता, हे आधी सांग, असं निर्मळांचं दलित ख्रिस्ती माणसाला म्हणणं. येशू स्वतः दलित होता, असं ते ठणकावून म्हणाले. पण हे इंग्रजीत मांडलं गेलं. कॉलेजात शिकवलं गेलं, परदेशात वाचलं गेलं. वस्तीवरच्या माणसापर्यंत पोचायला त्याला मराठी लागते, आणि मराठी नुसती नव्हे, आमची लागते. 'हे परमकृपाळू पित्या' ही नव्हे. 'आरं देवा, बघतोयस नव्हं?' ही.

ख्रिस्ती लेखकाचा हेतू प्रचार नसावा, हे मी स्वच्छ सांगतो. प्रचाराला पत्रकं आहेत. हेतू चर्चला शिव्या देणं हाही नसावा. तो सोपा रस्ता आहे, आणि टपरीवर टाळ्या मिळतात. हेतू एवढाच की जे पाहिलं ते सांगायचं. रविवारही सांगायचा, कारण तो खोटा नव्हता. डोक्यावर पाणी पडलं तेव्हा त्या माणसाला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं की आपल्याला कुणीतरी नावानं हाक मारली. आणि सोमवारही सांगायचा, कारण बैल मेलेला होता आणि दोर त्याच्याच खांद्यावर होता. एक सोडून दुसरं लिहिणारा लेखक अर्धाच साक्षीदार.

योहानाच्या नवव्या अध्यायात एक जन्मांध आहे. त्याला दिसायला लागल्यावर परूशी त्याची उलटतपासणी घेतात. आधी आईबापांना बोलावतात. आईबाप घाबरलेले. सभास्थानातनं काढतील ही भीती. ते म्हणतात, पोरगा मोठा आहे, त्यालाच विचारा. मी ही गोष्ट शंभरदा ऐकली, पण प्रवचन नेहमी डोळे उघडण्यावर संपतं. आईबापांवर कुणी बोलत नाही. ते आईबाप म्हणजे आम्ही आहोत. मासिक बंद पडेल, दाखला जाईल, नोकरी जाईल, मित्र हसतील, म्हणून आम्ही म्हणत आलो, आम्हाला विचारू नका. आणि तो पोरगा काय करतो? धर्मशास्त्र सांगत नाही. आपलं काय झालं तेवढं सांगतो, परत विचारलं तर परत तेच सांगतो, उलट त्यांनाच टोला हाणतो. त्याला बाहेर हाकलतात. येशू त्याला भेटायला येतो तो हाकलल्यानंतर, बाहेर. आमच्या लेखकानं हे बाहेर ध्यानात ठेवावं. गावकुसाबाहेरच्या माणसाला त्याचं एवढं भय कशाला?

माझी कथा पेटीत आहे. शेवट बदललेला नाही. माणूस सोमवारी बैल ओढायला जातोच. पण परवा परत वाचताना एक गोष्ट लक्षात आली. पाटलाचा गडी हाळी देतो ती जुन्या नावानं. त्यावर तो माणूस ओ देतो की नाही, हे मी लिहिलंच नव्हतं. भ्यालो असेन. आता ते लिहायला बसलोय.

तुमच्याकडं असेल तो सोमवार तुम्हीही लिहून पाठवा. शुद्धलेखन आम्ही बघून घेऊ.

जय भीम. सलाम.